मागलं ऑईल कुणाच्या पाळीत

दुकानात आला की तो आधी माझ्याकडं बघायचा नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचा. पिकअपची चावी काउंटरवर ठेवायची, कॅलेंडरचं पान उचलायचं, अमावास्येचा काळा गोल बोटानं शोधायचा आणि म्हणायचं, "अजून लांब हाय." नाहीतर, "जवळ आली." त्यानंतर मला रामराम. घरी कॅलेंडर नव्हतं असं नाही. पण घरचं कॅलेंडर धाकट्या भावानं आणलेलं होतं आणि याचा त्यावर भरवसा नव्हता. माझ्या दुकानातलं कॅलेंडर कुणाच्याच बाजूचं नव्हतं.

नायगावात नांदेड रोडला माझं ऑईल आणि स्पेअर पार्टचं दुकान आहे. शेजारी मिस्त्रीचं गॅरेज. अशा जागी आयुष्य काढलं की माणसं गाडीसकट ओळखीची होतात. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील, जी कुणावर कधी अन्याय करत नाहीत आणि तरी त्यांच्या आजूबाजूला कुणी सुखी नसतं. हा त्यातला. शाळेत आम्ही एका वर्गात होतो, म्हणून अरे-तुरे. मास्तरांनी वाटलेला खाऊ हा शेजारच्या पोराशी ताडून बघायचा, आणि आपल्या हातात जास्त आलाय असं दिसलं की स्वतःच तोडून द्यायचा. तेव्हा आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

वडील गेले आणि दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. जमिनीत बांध पडला. घरात मधोमध भिंत आली, रस्त्याकडं दोन दारं झाली. अंगणातली पत्र्याची एक खोली तेवढी सामाईक राहिली, सोयाबीनची पोती ठेवायला. विहीर एकच, म्हणून तिला पाळी लागली, एक महिना याचा, एक महिना त्याचा. विहिरीला पाळी ही आमच्याकडची जुनीच रीत आहे, त्यात नवल काही नाही. पण वडिलांनी एक पिकअपही मागं ठेवली होती, आणि पिकअपमधून बांध घालता येत नाही. मग तिलाही विहिरीच्या पाळीत बसवली. चैत्र थोरल्याचा, वैशाख धाकट्याचा, ज्येष्ठ थोरल्याचा, आषाढ धाकट्याचा. अमावास्येच्या संध्याकाळी चावी या दारातून त्या दारात जायची. चावीच्या मागोमाग हातात गाठोडं घेऊन त्यांची माय जायची. तिलाही त्याच पाळीत बसवलं होतं.

हे मी हसवायला सांगत नाही. त्यानं मला सांगितलं तेव्हा तोही हसला नव्हता. उलट, गावात दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या कशा वाऱ्यावर असतात आणि आपल्या घरी कसं सगळं ठरलेलं आहे, याचा त्याला अभिमान होता.

त्याचा कायदा एका ओळीचा होता. ज्याच्या पाळीत मोडलं, त्यानं जोडायचं. आणि हे मान्य केलंच पाहिजे की तो कायदा त्यानं आधी स्वतःला लावला. एकदा अमावास्येच्या दिवशीच हॉर्न बंद पडला. संध्याकाळी चावी जाणार होती. गप्प बसला असता तर धाकट्याला कळायलाही दोन दिवस गेले असते. पण हा भर उन्हात आला, हॉर्न बसवून घेतला, रस्त्यावरची कुत्री पळून जाईपर्यंत वाजवून बघितला आणि मग म्हणाला, "आवाज मपल्या पाळीत गेला, मपल्या पाळीत आला." गाडी देताना हौद्यात एक काडी राहू द्यायचा नाही. मी चहासोबत बिस्कीट पुढं केलं की मधोमध मोडायचा आणि अर्धं मला परत द्यायचा. पुडा अख्खा माझ्यापुढंच असायचा, तरीही.

इंजिन ऑईलचं त्याच्याकडं कधी अडलं नाही, कारण ते लवकर काळं होतं आणि कुणाच्या पाळीत काळं झालं ते दिसतं. अडलं ते दुसऱ्याच ऑईलचं. पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. इंजिनचा जोर तिथून चाकांना जातो. त्याच्या पोटात दातेरी चाकं असतात आणि ती घट्ट ऑईलात बुडलेली असतात. हे ऑईल वर्षानुवर्षं चालतं. त्यामुळं बहुतेक लोक ते विसरूनच जातात. ते कधी बदलायचं हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तकात नसलं तरी एक गोष्ट कुठलाही मिस्त्री सांगतो, की गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर ते लगेच बदलायचं. आत पाणी शिरतं.

तो त्याला मागलं ऑईल म्हणायचा. मिस्त्रीनं कितीदा तरी सांगितलं होतं, वडिलांच्या वेळेपासून ते तसंच आहे, आता बदला. तो नीट ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा,

"माझ्या पाळीत न्हाई बसत ते."

कारण साधं होतं. मोडलं तर नव्हतंच. मग जोडायचं कुणी? यानं नवं ऑईल टाकलं तर पुढची कित्येक वर्षं त्यातले निम्मे महिने धाकटा फिरणार. धाकट्यानं टाकलं तर हा फिरणार, आणि तेही याला पटत नव्हतं, फुकटचं घ्यायचं नाही. शेवटी मीच कंटाळून म्हणालो, अरे निम्मं ऑईल तू आण, निम्मं त्याला आणू दे. यावर त्यानं खरोखर विचार केला. बाकावर बसून एक विडी संपेपर्यंत विचार केला. मग विचारलं, जुनं ऑईल काढायला बोल्ट खोलायचा तो कुणाच्या पाळीत खोलायचा, आणि खोलताना त्याचे आटे गेले तर ते कुणाच्या अंगावर? मिस्त्री गाडीखालून हसला. मी हात जोडले.

धाकटा वेगळाच. हसतमुख, बोलका, गाडी धुळीनं माखलेली आणायचा आणि तशीच न्यायचा. त्याला पाळीबिळीचं काही वाटत नव्हतं, पण थोरल्यापुढं बोलायची छातीही नव्हती. "दादा म्हनंल तसं," एवढंच त्याचं ठरलेलं. आणि दादा म्हणेल तसं करण्यात आपलंही काही जात नाही, हे तो न बोलता जाणून होता. दोघांत डावं-उजवं करायला मला कधी जमलं नाही.

मायचंही एक मागलं ऑईल होतं. तिला अधूनमधून चक्कर यायची. यायची आणि जायची. नायगावच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि सांगितलं, एकदा नांदेडला नेऊन सगळं तपासून घ्या, गोळ्या लागतील. तो ज्येष्ठाचा शेवट होता. यानं मला सांगितलं, आता अमावास्या चार दिवसांवर आली, तपासण्या आषाढात जातील, धाकल्याला सांगून ठेवलंय. आषाढात धाकट्यानं मायला विचारलं, चक्कर येती का? माय म्हणाली, न्हाई बा. मोडलं नव्हतं, मग जोडायचं कशाला?

त्या साली आषाढात पाऊस फार झाला. गावाकडच्या ओढ्यावर पूल बुडालेला असताना धाकट्यानं पिकअप घातली. मध्यावर बंद पडली. सकाळपासून दुपारपर्यंत मागची चाकं पाण्यात होती, मग ट्रॅक्टर लावून ओढली. अमावास्येच्या आधी दोघं भाऊ मिळून गाडी घेऊन आले, आणि दोघं मिळून आले तेव्हाच मला बरं वाटलं नाही. मिस्त्रीनं खाली जाऊन गोळ्याचा वरचा बोल्ट सैल केला आणि बोट घालून बाहेर काढलं. बोटाला ऑईल नव्हतं, ताक होतं म्हणा ना. पांढरट, पातळ.

मिस्त्री म्हणाला, आजच्या आज बदला, नाहीतर आत गंज धरील. थोरला धाकट्याकडं बघून म्हणाला, पाण्यात तुझ्या पाळीत गेली. धाकटा म्हणाला, मोडलं कुठं दादा, चालू तर हाय की. आणि आता परवा श्रावण लागतोय, श्रावण तुझा.

तेव्हा थोरला कॅलेंडरपाशी गेला. पान उचलून पुढच्या महिन्याचं नाव बोट ठेवून वाचलं. परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेला गोंधळ होता. पुढचा महिना श्रावण नव्हताच. अधिक श्रावण होता. आमच्याकडं ज्याला धोंड्याचा महिना म्हणतात, तो. दर तीनेक वर्षांनी येतो, वर्षाला तेरावा महिना जोडून जातो. वाटण्या झाल्यापासून तो पहिल्यांदाच आला होता, आणि वाटणी करताना त्याचा विचार कुणी केला नव्हता.

बाकावर बसून त्यानं निवाडा केला. अधिक महिना थोरल्याचा धरला तर त्याला लागून दुसरा श्रावणही थोरल्याचाच, म्हणजे धाकट्यावर अन्याय. धाकट्याचा धरला तर आषाढ त्याचाच झालेला, म्हणजे थोरल्यावर अन्याय.

"अधिक महिना देवाचा," तो म्हणाला. "दोघांचाबी न्हाई. गाडी उभी राहील."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुकानात आला, तेव्हा मी विचारलं, "अन् माय?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. मग सगळं समजावून सांगितलं. माय अंगणातल्या सामाईक खोलीत राहील. सकाळचं ताट धाकट्याच्या घरून, संध्याकाळचं याच्या घरून. पोती एका बाजूला सारून खाट टाकून दिली होती, बल्बही लावला होता. "उपाशी ठिवून राहिलो का आम्ही तिला?" त्यानं विचारलं. आणि मग, घरात घडलेली एक गंमत म्हणून, मायचं बोलणंही सांगितलं. निवाडा ऐकून ती हसली होती. म्हणाली होती, "मंग या महिन्यात मी देवाची म्हना की."

त्याला ते खरंच गमतीचं वाटलं होतं. मला त्या दिवशी त्याचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही. धोंड्याच्या महिन्यात लोक लेकी-जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून खाऊ घालतात. यांना बहीण नव्हती, हे एक बरं. नाहीतर तिचं ताट कुणी वाढायचं यावरही निवाडा झाला असता.

पिकअप अंगणात लिंबाखाली उभी राहिली, पोटात पाणी घेऊन. माय पत्र्याच्या खोलीत राहिली. एका सकाळी धाकट्याची बायको ताट घेऊन गेली तर माय खाटेखाली पडलेली. तोंड एका बाजूला ओढलं होतं, बोलणं कळत नव्हतं. कधी पडली ते कुणालाच माहीत नाही, कारण रात्र कुणाचीच नव्हती.

हे मात्र सांगितलंच पाहिजे की त्या वेळी कुणी कॅलेंडर पाहिलं नाही. थोरला अनवाणी धावला. त्यानंच गाडी सुरू केली. धाकट्यानं मायला उचलून हौद्यात गादीवर ठेवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. नांदेडचा रस्ता माझ्या दुकानावरून जातो. गाडी दिसायच्या आधी मला तिचा आवाज आला. जात्यात खडे टाकावेत तसला आवाज. मिस्त्री हातातला पाना टाकून रस्त्यावर आला. आम्ही दोघंही हात वर करून थांबवणार, तेवढ्यात मोठा दणका झाला, मागची चाकं जागच्या जागी धरली आणि पिकअप रस्त्यावर काळे पट्टे ओढत माझ्या दारापुढं येऊन थांबली.

थोरला उतरला. आधी हौद्याकडं गेला नाही. वाकून गाडीखाली बघितलं. फुटलेल्या गोळ्यातून तांबडं पाणी ठिबकत होतं. तो सरळ झाला आणि हौद्यातल्या भावाला म्हणाला,

"पाण्यात तुझ्या पाळीत गेली."

धाकट्यानं मायच्या चेहऱ्यावरचा पदर बाजूला केला. त्याचा आवाज मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"अन् आज कुनाची हाय, दादा? सांग की. आज कुनाची पाळी हाय?"

माय दोघांकडं बघत होती. तिला किती कळत होतं देव जाणे, पण एक डोळा उघडा होता. मी आणि मिस्त्री रस्त्याच्या मधे उभे राहिलो. एक गाडी बगल देऊन गेली, दुसरी गेली, तिसरा जीपवाला थांबला. मायला जीपमधे घातलं. नांदेडच्या डॉक्टरांनी पुढं जे सांगितलं ते तुम्हालाही ठाऊक असेल, कारण ते सगळ्यांनाच सांगतात. थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

माय वाचली. उजवा हात गेला, पाय ओढत चालते. बोलणं हळूहळू परत आलं, पण माणसं गेली. मुलांचे चेहरेही तिला ओळखू येईनासे झाले. पिकअप भंगारात निघाली. मिस्त्रीनं गोळा खोलला तेव्हा आतली चाकं गंजून लाल झालेली होती, दात तुटून तळाला पडले होते. थोरल्यानं ते बघायला यायचं नाकारलं. धाकटा दिवाळीनंतर बायकापोरांना घेऊन लातूरला गेला, तिथं एका डाळमिलचा टेम्पो चालवतो. सणाला येतो, मायजवळ बसतो, थोरल्याशी कामापुरतं बोलतो. त्याच्या दाराला कुलूप आहे.

माय आता बारा महिने थोरल्याकडं असते. पण हे तिला कोण समजावणार? माणसं विसरली तरी चंद्र ती विसरली नाही. अमावास्या आली की संध्याकाळी डाव्या हातानं लुगडी गोळा करते, गाठोडं बांधते आणि उंबऱ्यावर येऊन बसते. पहिल्या वेळी त्यानं तिला खूप सांगितलं की आता पाळी नाही. ती उठेना, जेवेना, रडायला लागली. तेव्हा त्यानं गाठोडं उचललं, तिचा हात धरला, पुढच्या दारानं बाहेर काढलं, धाकट्याच्या कुलपावरून नेलं, घराला वळसा घातला आणि मागच्या दारानं पुन्हा आपल्याच घरात आणलं. ती समाधानानं बसली. भाकरी खाल्ली. आणि त्याला धाकटा समजून हळूच म्हणाली, "थोरल्याला सांगू नको, पर मला तुझ्याकडंच बरं वाटतं."

हे त्यानं मला दुकानात सांगितलं. चावी नव्हती, काउंटरवर ठेवायला काही नव्हतं, हात नुसतेच ठेवले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर मला बरं वाटलं असतं. पण तो म्हणाला, असू दे, खरं असंल. महिन्यानं पुन्हा आला. या वेळी मायनं त्याला थोरला समजून सांगितलं होतं, धाकल्याला सांगू नको, मला तुझ्याकडंच बरं वाटतं.

"दोन्हीकडं सारखंच बोलत आली गड्या," तो म्हणाला. "काडीचाबी फरक न्हाई." मी बिस्कीट पुढं केलं. त्यानं मोडलं नाही, तसंच धरून बसला. वाटणी त्यानं कुणाकडून उचलली होती ते मला त्या दिवशी दिसलं. फक्त मायनं वाटली ती माया होती.

लोक म्हणतात, थोरल्याला शिक्षा झाली. मला ते पटत नाही. शिक्षा मायला झाली. हा नुसता तिच्याबरोबर वळसे घालतोय.

औंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला, ज्येष्ठात. तो दुकानात आला, सवयीनं पान उचललं आणि खाली सोडलं. माझ्या तोंडातून कुजकं निघालंच. मी विचारलं, हा महिना कुणाचा?

"सगळेच मपले," तो म्हणाला आणि गेला.

महिना लागल्यावर मी मायला बघायला त्याच्या गावी गेलो. दुपारची वेळ, मे महिन्याचं ऊन, अंगणात लिंबाखाली ऑईलचा काळा डाग अजून होता. घरात माय नव्हती. त्याच्या बायकोनं पत्र्याच्या खोलीकडं बोट केलं. अमावास्येला मायनं गाठोडं बांधलं, यानं हात धरून वळसा घालायला घेतलं, तर अंगणात येताच तिनं हात सोडवला आणि ओढत्या पायानं सरळ पत्र्याच्या खोलीत जाऊन खाटेवर बसली. तिथून ती हललीच नाही. उचलून आणली तरी परत गेली. शेवटी हाच आपली खाट घेऊन तिथं राहायला गेला.

खोली भट्टीसारखी तापली होती. पोत्यांना टेकून तो बसला होता, हातात ओला पंचा, मधूनमधून तिच्या कपाळावरून फिरवत होता. सकाळचं ताटही त्याच्या घरचं, संध्याकाळचंही त्याच्याच. मला बघून तो उठला नाही, फक्त सरकून जागा केली. मायनं माझ्याकडं पाहिलं, ओळख लागली नाही. मग त्याच्याकडं वळली आणि बराच वेळ त्याचा चेहरा न्याहाळत राहिली. डावा हात उचलून त्याच्या गालावरून फिरवला.

"थोरला हाईस ना तू?"

तीन वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा पाळीवरून नाही, चेहऱ्यावरून ओळखलं होतं. त्याच्या हातातला पंचा खाली पडला.

"हाव, माय. थोरलाच हाय."

"मंग इथं कामून बसला बाबा उन्हात," ती मायेनं म्हणाली. "जा घरी. तुझी पाळी पुढल्या महिन्यात."